पेशीच्या दाराशीं

धोत्र्याचें झाड ठाऊक नाहीं असा माणूस महाराष्ट्रांत विरळा. शंकराच्या पूजेंत त्याच्या फुलाला मान आहे, आणि गुन्हेगारीच्या इतिहासांत त्याच्या बियांना कुप्रसिद्धि आहे. वाटसरूच्या अन्नांत ह्या बिया मिसळून त्याला भुलवावयाचें व लुबाडावयाचें, हा एकोणिसाव्या शतकांतील ठगांचा व वाटमाऱ्यांचा परिचित धंदा होता. धोत्रा पोटांत गेलेल्या माणसाचें तोंड कोरडें पडतें, डोळ्यांतील बाहुल्या विस्फारतात, छाती धडधडूं लागते आणि तो असंबद्ध बरळूं लागतो. हीं लक्षणें वैद्यांना शतकानुशतकें माहीत होतीं. परंतु त्यांत दडलेलें एक कोडें फार उशिरां कोणाच्या लक्षांत आलें. पोटांत गेलेलें विष रक्तांत मिसळतें आणि रक्ताबरोबर शरीराच्या कानाकोपऱ्यांत पोंचतें. हाडांनाहि तें भेटतें. पण तेथें कांहीं घडत नाहीं. मग लाळेची ग्रंथि, डोळ्याची बाहुली आणि हृदय ह्यांनाच तें नेमकें कसें गांठतें? त्यांचा पत्ता त्याला कोणीं सांगितला?

ह्या साध्या प्रश्नाचें पुरतें उत्तर मिळवावयास विज्ञानाला शंभराहून अधिक वर्षें लागलीं. ह्या काळाच्या फार मोठ्या भागांत ज्या वस्तूवर उत्तराचा सगळा भार होता, ती वस्तु कोणींहि पाहिलेली नव्हती. न पाहिलेल्या वस्तूवर किती विश्वास टाकावा, हा प्रश्न सामान्यतः तत्त्वज्ञानाचा समजला जातो. औषधविज्ञानांत तो रोग्याच्या प्राणाशीं जोडलेला होता.

कथेचा आरंभ इंग्लंडांतील केंब्रिज येथें होतो. तेथील जॉन न्यूपोर्ट लँग्ले हे तरुण शारीरविज्ञ १८७५ च्या सुमारास पिलोकार्पिन नांवाच्या द्रव्याचा अभ्यास करीत होते. ब्राझिलमधील जाबोरांडी नांवाच्या झुडुपाच्या पानांतून तें निघतें, आणि त्याचा गुण धोत्र्याच्या अगदीं उलट आहे. तें टोचलें कीं तोंडाला लाळेचे पाट सुटतात. धोत्र्यांत व यूरोपांतील बेलाडोना ह्या वनस्पतींत सांपडणारें अॅट्रोपिन तीच लाळ आटवितें. लँग्ले ह्यांनीं मांजरावर ह्या दोहोंची झुंज लावून पाहिली. अॅट्रोपिननें बंद झालेली लाळ पिलोकार्पिनची मात्रा वाढविली कीं पुन्हां सुटे. अॅट्रोपिन वाढविलें कीं पुन्हां आटे. कोणाचा जय व्हावयाचा, हें दोहोंच्या तुलनात्मक भरण्यावर ठरत होतें. १८७८ सालच्या निबंधांत लँग्ले ह्यांनीं असा तर्क मांडला कीं, मज्जातंतूंच्या टोकांशीं किंवा ग्रंथीच्या पेशींत असें कांहीं द्रव्य असलें पाहिजे, कीं ज्याच्याशीं ह्या दोन्ही विषांचा रासायनिक संयोग होऊं शकतो. आगगाडींत दोन उतारूंनीं एकाच बैठकीसाठीं रेटारेटी करावी, तसा हा प्रकार होता. बैठक दिसत नव्हती. रेटारेटी मात्र स्पष्ट दिसत होती.

हा तर्क पंचवीसांहून अधिक वर्षें तसाच पडून राहिला. पुढें त्याला बळकटी आली ती एका दुसऱ्या विषामुळें. दक्षिण अमेरिकेंतील आदिवासी आपल्या बाणांच्या टोकांना कुरारी नांवाचें विष लावीत. बाण लागलेलें जनावर शुद्धीवर असतांच लुळें पडे आणि श्वास बंद होऊन मरे. फ्रेंच शारीरविज्ञ क्लॉद बेर्नार ह्यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बेडकांवर प्रयोग करून दाखविलें कीं, कुरारीनें लुळा पडलेला स्नायु मेलेला नसतो. मज्जातंतूमार्फत येणारी आज्ञा तो ऐकत नाहीं. परंतु विजेचा धक्का थेट स्नायूला दिला, तर तो पूर्वीसारखाच आंखडतो. म्हणजे विषाचा घाव मज्जातंतु व स्नायु ह्यांच्या सांध्यावर बसतो, इतकें निश्चित झालें.

१९०५ सालीं लँग्ले ह्यांनीं हाच धागा उचलला. त्यांनीं कोंबडीला तंबाखूंतील निकोटिन टोचलें, तेव्हां तिच्या पायांचे स्नायु ताठ आंखडून आले. कुरारी देतांच ते सैल पडले. त्या काळच्या समजुतीप्रमाणें हीं दोन्ही विषें मज्जातंतूच्या टोकावर काम करीत असलीं पाहिजेत. ही समजूत तपासण्यासाठीं लँग्ले ह्यांनीं पायाकडे जाणारे मज्जातंतु कापले आणि त्यांचीं टोकें झडून नाहींशीं होण्याइतके दिवस जाऊं दिले. आतां टोकेंच उरलीं नव्हतीं. तरीहि निकोटिननें स्नायु आंखडला, आणि कुरारीनें तो सैलहि पडला. तेव्हां दोन्ही विषांचें कार्यक्षेत्र स्नायूच्या पेशींतच होतें. परंतु आंखडण्याची जी मूळ यंत्रणा, तिच्यावर कुरारीचा घाव नव्हता. कारण विजेच्या धक्क्यानें ती चालतच होती. मज्जातंतूचें टोक नव्हे आणि आंखडणारा तंतूहि नव्हे, तर उरलें काय? लँग्ले ह्यांनीं उत्तर दिलें कीं, पेशींत एक तिसरें द्रव्य आहे. तें बाहेरून आलेला निरोप घेतें व आंतल्या यंत्रणेला पोंचवितें. त्याला त्यांनीं ‘ग्राहक द्रव्य’ असें नांव दिलें.

त्याच सुमारास जर्मनींत पॉल एरलिख हे निराळ्या वाटेनें त्याच मुक्कामाला येत होते. एरलिख हे रंगांचे वेडे. कारखान्यांतील नवे रंग ते प्राण्यांच्या पेशींना लावून पाहात आणि अमुक रंग अमुकच पेशींना चिकटतो, हें पाहून चकित होत. रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर ह्यांनीं १८९४ सालीं कुलूप-किल्लीची उपमा योजिली होती; एन्झाइम व तें ज्याचें विघटन करतें तें द्रव्य ह्यांची घडण कुलूप-किल्लीप्रमाणें एकमेकांस बेतशीर असली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. घटसर्पासारख्या रोगांच्या विषांवर काम करतांना एरलिख ह्यांनीं ती उपमा पेशीच्या पृष्ठभागाला लावली. पेशीच्या अंगावर विशिष्ट घडणीच्या बाजूच्या साखळ्या असतात व विष त्यांत अडकतें, असा सिद्धान्त त्यांनीं १८९७ सालीं मांडला, आणि १९०० सालीं ह्या साखळ्यांना ‘रिसेप्टर’ हें नांव मिळालें. मराठींत त्याला ग्राही म्हणतात. बाहेरून येऊन जो रेणु त्यांत बसतो, त्याला आजचे शास्त्रज्ञ लिगंड म्हणतात. बांधणें ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून तो शब्द आला आहे.

गंमत अशी कीं, अॅट्रोपिनसारख्या औषधी द्रव्यांना ग्राही असतात हें एरलिख ह्यांना बरींच वर्षें मान्य नव्हतें. रोगविष पेशीला घट्ट चिकटून बसतें. औषध मात्र धुतलें कीं निघून जातें. अशा सैल सोयरिकीला संयोग कसें म्हणावें? लँग्ले ह्यांचे प्रयोग पाहिल्यावर १९०७ सालीं त्यांनीं आपलें मत बदललें. पुढें त्यांचें सूत्रच झालें कीं, पदार्थ कोठें तरी बांधला गेल्याशिवाय त्याचें कार्य होत नाहीं. ह्याच विश्वासानें त्यांनीं उपदंशाच्या जंतूला चिकटणारें व रोग्याला शक्य तितकें कमी बाधणारें द्रव्य शोधण्यासाठीं शेंकडों संयुगें तपासलीं, आणि त्यांतून १९१० सालीं साल्वर्सन हें औषध बाजारांत आलें.

सर्वच विद्वानांना हा विश्वास पटला, असें मात्र नव्हे. शंका घेणाऱ्यांत हेन्री डेल हे अग्रगण्य होते. ते केंब्रिजला लँग्ले ह्यांच्या हाताखालीं शिकले होते आणि फ्रँकफुर्टला एरलिख ह्यांच्या प्रयोगशाळेंतहि त्यांनीं कांहीं महिने काढले होते. म्हणजे ग्राहीच्या दोन्ही जनकांचे ते शिष्य. आणि तरीहि त्यांना ही कल्पना मान्य नव्हती. अमुक पेशीवर अमुक द्रव्याचा परिणाम होतो, कारण तिच्यांत त्या द्रव्याचा ग्राही आहे, असें म्हटल्यानें ज्ञानांत कोणती भर पडली? जें दिसलें, तेंच दुसऱ्या शब्दांत सांगितलें, इतकेंच. हा आक्षेप पोकळ नव्हता. अफूनें झोप येते, कारण तिच्यांत निद्राकारक गुण आहे, असें सांगणाऱ्या वैद्याची मोलियेरनें आपल्या नाटकांत केलेली टवाळी यूरोपांत सर्वांना ठाऊक होती. ग्राही हें तसलेंच एक नांव नाहीं कशावरून?

ह्या आक्षेपाला उत्तर द्यावयाचें, तर ग्राहीच्या कल्पनेनें मोजतां येईल असें कांहीं भाकीत केलें पाहिजे होतें. तें काम गणितानें केलें. १९०९ सालीं लँग्ले ह्यांच्याच प्रयोगशाळेंत आर्चिबाल्ड हिल ह्या विद्यार्थ्यानें बेडकाच्या स्नायूवर निकोटिनच्या वाढत्या मात्रांचा परिणाम मोजला, आणि त्याचा आलेख रासायनिक संयोगाच्या नियमाशीं जुळतो, असें दाखविलें. ठराविक संख्येच्या बैठका हळूहळू भरत जाव्यात आणि त्या भरल्यावर नव्या उतारूला जागा उरूं नये, तसा तो आलेख आरंभीं चढतो व शेवटीं सपाट होतो. १९२६ सालीं ए. जे. क्लार्क ह्यांनीं बेडकाच्या हृदयावर तोच हिशेब अधिक बारकाईनें केला. अॅसेटिलकोलिन नांवाच्या द्रव्याची जी मात्रा हृदयावर परिणाम करते, तिच्यांतील रेणु पेशीच्या पृष्ठभागाचा अत्यल्प अंशच झांकूं शकतील, असें त्यांचें गणित सांगत होतें. म्हणजे पेशीची बहुतेक भिंत कोरी असून तिच्यावर अगदीं विरळ अशीं दारें आहेत. वस्तु अजून दिसली नव्हती. परंतु तिची संख्या अजमावतां येऊं लागली होती.

दरम्यान दुसरा एक मोठा प्रश्न सुटला. निकोटिन तंबाखूच्या पानांत असतें, अॅट्रोपिन धोत्र्यांत. मनुष्याच्या शरीरांत वनस्पतींच्या विषांसाठीं कुलुपें कशाला असावींत? ऑस्ट्रियांतील ग्राझ येथील ओटो लेव्ही ह्यांना एका रात्रीं झोपेंत एक प्रयोग सुचला. त्यांनीं तो अर्धवट जागेपणीं कागदावर टिपला, पण सकाळीं स्वतःचेंच अक्षर त्यांना वाचतां येईना. दुसऱ्या रात्रीं तोच विचार पुन्हां आला, तेव्हां ते उठून सरळ प्रयोगशाळेंत गेले, अशी हकीकत ते स्वतः सांगत. त्यांनीं दोन बेडकांचीं हृदयें काढून निरनिराळ्या पात्रांत चालतीं ठेवलीं, आणि पहिल्याच्या मज्जातंतूला विजेनें चेतवून त्याची गति मंद केली. मग त्याच्या भोंवतालचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. त्या हृदयाला कोणताहि मज्जातंतु चेतवीत नव्हता; तरी तेंहि मंद झालें. ह्यावरून मज्जातंतु आपला निरोप रासायनिक द्रव्याच्या रूपानें धाडतो, हें सिद्ध झालें. १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांतील द्रव्य पुढें अॅसेटिलकोलिनच ठरलें. तेव्हां कुलुपें शरीराच्या स्वतःच्या किल्ल्यांसाठीं होतीं. धोत्रा व तंबाखू ह्यांनीं त्यांच्या नकली किल्ल्या घडविल्या होत्या, इतकेंच. डेल ह्यांनीं १९१४ सालींच दाखविलें होतें कीं, अॅसेटिलकोलिनचीं कार्यें दोन प्रकारचीं आहेत : ग्रंथि, हृदय इत्यादींवरील एक प्रकार अॅट्रोपिननें बंद पडतो, दुसरा प्रकार निकोटिनच्या कार्यासारखा असून त्याला अॅट्रोपिन बाधत नाहीं. डेल व लेव्ही ह्यांना १९३६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. दोनच वर्षांनीं नाझींनीं ऑस्ट्रिया गिळंकृत केला, ज्यू असल्यामुळें लेव्ही तुरुंगांत पडले, आणि पारितोषिकाची रक्कम नाझींच्या हवालीं केल्यावरच त्यांना देशाबाहेर जातां आलें.

ग्राहीवर श्रद्धा नसलेल्या डेल ह्यांच्याच हातीं तिचा एक बिनतोड पुरावा १९०६ पासून पडून होता. अॅड्रेनॅलिन टोचलें कीं रक्तदाब चढतो, हें प्रसिद्ध होतें. परंतु राय धान्यावरील अर्गट नांवाच्या बुरशीचा अर्क जनावराला आधीं दिला, तर त्याच अॅड्रेनॅलिननें रक्तदाब उतरतो, असें डेल ह्यांना आढळलें होतें. एकच किल्ली दार उघडते आणि लावतेहि, हें कसें? उत्तर १९४८ सालीं अमेरिकेंतील जॉर्जिया संस्थानांत रेमंड अॅल्क्विस्ट ह्यांनीं दिलें. अॅड्रेनॅलिनच्या जातीचीं अनेक द्रव्यें घेऊन त्यांनीं निरनिराळ्या इंद्रियांवरील त्यांचा जोर क्रमवार लावला, तेव्हां क्रम पुष्कळ न निघतां दोनच निघाले. त्यावरून त्यांनीं अनुमान केलें कीं, अॅड्रेनॅलिनचीं कुलुपें दोन जातींचीं आहेत. त्यांना त्यांनीं आल्फा व बीटा म्हटलें. आल्फामुळें रक्तवाहिन्या आकसतात. बीटामुळें हृदय जोरानें चालतें, श्वासनलिका मोकळ्या होतात व कांहीं रक्तवाहिन्या सैलावतात. अर्गटनें आल्फा अडविला, कीं बीटाचें कार्य उघडें पडतें व दाब उतरतो. डेल ह्यांचें बेचाळीस वर्षांचें कोडें असें उलगडलें. औषधविज्ञानाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकानें हा निबंध परत केला होता. तो दुसरीकडे छापला गेला आणि अनेक वर्षें दुर्लक्षित राहिला.

तो ज्यांनीं मनावर घेतला, त्यांत स्कॉटिश डॉक्टर जेम्स ब्लॅक हे होते. हृदयाला रक्त कमी पडून छातींत कळा येणाऱ्या रोग्याला रक्ताचा पुरवठा वाढवून द्यावा, अशी त्या वेळच्या वैद्यकाची दृष्टि होती. ब्लॅक ह्यांनीं उलट विचार केला. पुरवठा वाढत नसेल, तर मागणी कमी करावी. हृदयाचें बीटा कुलूप एखाद्या नकली किल्लीनें अडवून ठेवलें, तर भय किंवा श्रम ह्यांनीं सुटणारें अॅड्रेनॅलिन हृदयाला पळवूं शकणार नाहीं. १९६४ सालीं त्यांचें प्रोप्रॅनोलॉल हें औषध जगापुढें आलें. हीच युक्ति त्यांनीं जठरांतील आम्ल वाढविणाऱ्या हिस्टॅमिनच्या ग्राहीवर चालविली, आणि १९७६ सालीं सिमेटिडिन हें औषध ब्रिटनमध्यें विक्रीस आलें. जठरव्रणाच्या असंख्य रोग्यांची शस्त्रक्रिया त्यानें टळली. १९८८ सालीं ब्लॅक ह्यांना नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आणि हें सर्व घडत असतां, खुद्द अॅल्क्विस्ट हे १९७३ सालींदेखील ग्राही ही प्रयोगांचा अर्थ लावण्यासाठीं योजिलेली एक कल्पना आहे, असेंच लिहीत होते. ज्या कुलुपाचा बंदोबस्त करून लोकांचे प्राण वांचत होते, त्याच्या अस्तित्वाविषयीं त्याचा शोधकहि शपथ घ्यावयास तयार नव्हता.

किल्ली कुलुपांत बसली, एवढ्यानें काम होत नाहीं. दाराबाहेर कडी वाजली. घरांतील माणसें कशीं उठतात? ह्याचा शोध अमेरिकेंत अर्ल सदर्लंड ह्यांनीं लावला. अॅड्रेनॅलिनमुळें यकृतांतील सांठविलेली साखर रक्तांत उतरते, ही क्रिया त्यांनीं पेशी फोडून पात्रांत घडविली. फुटलेल्या पेशींतील कवचाचे तुकडे काढून टाकले, तर उरलेल्या रसावर अॅड्रेनॅलिनचा कांहीं परिणाम होईना. मात्र त्या तुकड्यांना वेगळें अॅड्रेनॅलिन देऊन, तें मिश्रण उकळून, त्यांतला अर्क रसांत घातला कीं क्रिया सुरू होई. म्हणजे अॅड्रेनॅलिन आंत जातच नाहीं. तें दाराशीं थांबतें, आणि दार एक दुसरेंच लहानसें द्रव्य आंत धाडतें. त्याचें नांव चक्रीय ए. एम. पी. असें ठरलें, आणि सदर्लंड ह्यांनीं त्याला दुसरा जासूद म्हटलें. बाहेरच्या एका रेणूमागें आंत अनेक जासूद सुटतात, प्रत्येक जासूद आणखी एन्झाइमांना जागें करतो, आणि मूळचा हलका निरोप पाहतां पाहतां आरोळी बनतो. रक्तांतील अत्यल्प अॅड्रेनॅलिन सगळें शरीर कसें हादरवितें, ह्याचें रहस्य इथें आहे. १९७१ सालीं सदर्लंड ह्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

कुलूप आणि जासूद ह्यांच्या मध्यें आणखी एक दुवा निघाला. मार्टिन रॉडबेल ह्यांना १९७० च्या सुमारास आढळलें कीं, जी. टी. पी. नांवाच्या द्रव्याशिवाय निरोप आंत पोंचत नाहीं. आणि आल्फ्रेड गिलमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९८० पर्यंत त्यामागचें प्रथिन शुद्ध रूपांत हातीं घेतलें. त्याला जी-प्रथिन म्हणतात. ग्राहीचा आकार किल्लीनें किंचित् बदलला, कीं त्याला आंतून टेकलेलें हें प्रथिन जुना जी. डी. पी. टाकून जी. टी. पी. घेतें व चालू होतें. कांहीं वेळानें त्या जी. टी. पी. चे तुकडे तेंच करतें व स्वतः बंद होतें. निरोप पोंचविणें जितकें आवश्यक, तितकेंच तो वेळेवर थांबविणेंहि आवश्यक आहे. आणि ही थांबण्याची सोय त्या प्रथिनांतच घडवून ठेवलेली आहे.

ती बिघडली तर काय होतें, हें हिंदुस्थानानें पिढ्यान् पिढ्या भोगलें आहे. पटकीचा जंतु आंतड्यांत शिरला कीं रोग्याला जुलाब सुटतात. जबर दुखण्यांत तासाला लिटरभर पाणीहि जातें, आणि धडधाकट माणूस एका दिवसांत वाळून मरतो. हा जंतु रक्तांत विष सोडतो, असें बहुतेक विद्वान् समजत होते. कलकत्त्याचे शंभुनाथ डे ह्यांनीं सशाच्या आंतड्याचा एक भाग दोन्ही बाजूंनीं बांधून त्यांत जंतूंची वाढ गाळून घेतलेला निर्जंतुक द्रव घातला, आणि त्या भागांत पाणी भरून आलेलें दाखविलें. १९५९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ह्या निबंधानें सिद्ध झालें कीं, विष आंतड्याच्या भिंतीवरच काम करतें. पुढें उलगडा झाला तो असा : हें विष पेशींत शिरून जी-प्रथिनाची थांबण्याची सोय मोडून टाकतें. कडी वाजविणारें कोणी नसतां घरांत अखंड हांक चालू राहते. जासूद सुटतच राहतात, आणि पेशी मीठ व पाणी बाहेर टाकतच राहते. डे ह्यांचें महत्त्व त्यांच्या देशांत फार थोड्यांनीं ओळखलें. १९७८ सालीं नोबेल प्रतिष्ठाननें कॉलऱ्यावरील परिसंवादास त्यांना बोलाविलें, तेव्हां ते निवृत्त झाले होते. अडकलेलें जी-प्रथिन सोडविणारें औषध वैद्याजवळ नव्हतें. परंतु साखर व मीठ ह्यांना एकत्र आंत घेणारें त्याच पेशीचें दुसरें एक दार पटकींतहि शाबूत राहतें. १९७१ सालीं बंगालच्या सीमेवरील बनगांव येथें, पूर्व बंगालांतून आलेल्या निर्वासितांच्या छावणींत, डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं साखर-मिठाचें पाणी पाजून ह्या दुसऱ्या दारानें हजारों रोगी जगविले.

आतां उरलें होतें तें प्रत्यक्ष दर्शन. पहिलें कुलूप हातीं आलें तें सापाच्या विषामुळें. महाराष्ट्रांतल्या मण्यारीच्या कुळांतील तैवानच्या एका सापाचें विष स्नायूवरील निकोटिनच्या ग्राहीला इतकें घट्ट धरतें, कीं तें सुटतां सुटत नाहीं. वीज निर्माण करणाऱ्या माशांच्या विद्युत्-इंद्रियांत हे ग्राही विपुल असतात. १९७० सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील झां-पियेर शांझो ह्यांनीं तैवानच्या शास्त्रज्ञांकडून आलेलें तें विष वापरून त्या माशांच्या इंद्रियांतून ग्राही वेगळा करून दाखविला. अॅड्रेनॅलिनच्या ग्राहीचा पाठलाग अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत रॉबर्ट लेफ्कोविट्झ ह्यांनीं केला. किल्लीला किरणोत्सर्गी खूण लावावयाची आणि ती कोठें जाऊन बसते, तें पाहावयाचें, ही त्यांची रीत. १९८६ सालीं बीटा ग्राहीचा जीन वाचला गेला, तेव्हां तो डोळ्याच्या पडद्यांतील प्रकाश टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिन ह्या प्रथिनाचा सख्खा भाऊ निघाला. दोघेहि पेशीच्या कवचांतून सात वेळां आरपार ओंवलेले. प्रकाश, गंध आणि अॅड्रेनॅलिन हीं तिन्ही एकाच घराण्याच्या दारांवर येऊन कडी वाजवितात, हें कोणाच्या स्वप्नांतहि नव्हतें. मनुष्याच्या पेशींत ह्या घराण्याचे सुमारें ८०० ग्राही आहेत, आणि वापरांतील औषधांपैकीं जवळजवळ एक-तृतीयांश औषधें त्यांच्यांतील कोणावर तरी काम करतात. त्या जीनच्या कामांत सहभागी असलेले ब्रायन कोबिल्का ह्यांनीं पुढें ह्या प्रथिनाचे स्फटिक बनविण्यासाठीं वर्षानुवर्षें खटपट केली. २००७ सालीं बीटा ग्राहीची रचना प्रथम प्रकट झाली. आणि २०११ सालीं बाहेर किल्ली बसलेली व आंत जी-प्रथिन टेकलेलें, अशा ऐन कामाच्या क्षणींचें चित्र मिळालें. लेफ्कोविट्झ व कोबिल्का ह्यांना २०१२ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. लँग्ले ह्यांच्या कोंबडीनंतर तेव्हां एकशें सात वर्षें लोटलीं होतीं. स्वतः लँग्ले १९२५ सालींच निवर्तले होते.

तेव्हां धोत्र्याला पत्ता कोणीं सांगितला, ह्याचें उत्तर असें कीं, विषाला पत्ता ठाऊकच नसतो. तें सर्व दारांवरून फिरतें. पत्ता दारांवर लिहिलेला असतो. अॅसेटिलकोलिनसाठीं घडविलेल्या कुलुपांत अॅट्रोपिन जाऊन बसतें, पण फिरत नाहीं. आणि तें बसलें असेपर्यंत खऱ्या किल्लीला जागा मिळत नाहीं. लाळ आटते ती त्यामुळें.

ह्या ज्ञानाची कसोटी महाराष्ट्रांतील ग्रामीण रुग्णालयांत अजून होत असते. शेतांत फवारणी करतांना पुष्कळ कीटकनाशकांतील फॉस्फरसयुक्त विष शेतकऱ्याच्या अंगांत भिनतें. अॅसेटिलकोलिनचा निचरा करणारें एन्झाइम तें निकामी करतें. किल्ल्यांचा खच पडतो. तोंडाला लाळ सुटते, छाती पाण्यानें भरते, आणि श्वास घरघरूं लागतो. डॉक्टर अॅट्रोपिन टोचतात, थोड्या वेळानें छातीला नळी लावून ऐकतात, आणि घरघर उरली असेल तर मात्रा वाढवीत पुन्हां टोचतात. अमुक इतकी मात्रा पुरेल, असें आधीं सांगतां येत नाहीं. कारण जय कोणाचा, हें तेथें कोणाचा भरणा अधिक ह्यावर ठरतें. १८७८ सालीं मांजराच्या लाळेवर जो हिशेब लँग्ले ह्यांनीं मांडला, तोच हा हिशेब. छाती कोरडी झाली तरी स्नायूंचा लुळेपणा मात्र अॅट्रोपिननें जात नाहीं. तें कुलूप निराळ्या जातीचें, लँग्ले ह्यांच्या कोंबडीच्या पायांत सांपडलेलें. आणि तें पूर्ववत् होईपर्यंत रोग्याचा श्वास कित्येकदां यंत्रानें चालवावा लागतो.